व्हॅनिलाचा तुकडा मातीत पुरू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओळखीच्या कुणीतरी व्हॅनिलाच्या वेलीचा हातभर तुकडा दिला, त्याला पाच पानं आहेत. तुम्ही तो बागेच्या मातीने भरलेल्या कुंडीत चार बोटं खोल खोचला, रोज पाणी घातलं, आणि तीन आठवड्यांनी बुडखा काळा पडून मऊ लागायला लागला. वरची पानं अजून हिरवीगार आहेत. तुकडा वाचेल का, मुळं कधी फुटतील आणि शेंगा किती वर्षांनी लागतील, हे तुम्हाला हवंय.

वाचेल. पानं हिरवी आहेत म्हणजे तुकड्यात जीव आहे. पण तो आजच मातीतून बाहेर निघायला हवा, कारण ही कूज बुडाशी थांबत नाही. ती खोडाच्या आतून वर चढते, आणि बाहेरून आपल्याला दिसते तेव्हा आत बरीच पुढे गेलेली असते. म्हणून आधी तुकडा वाचवायचं सांगते, बाकी सगळं त्यानंतर.

कुंडी आडवी करा, माती सैल करा आणि तुकडा न ओढता अलगद सोडवून घ्या. बुडखा वाहत्या पाण्याखाली धुऊन पुसून कोरडा करा. आता अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत खोड धरून वरून खाली दाबत या. निरोगी खोड गच्च लागतं. बोटाला जिथे पहिल्यांदा मऊ लागेल, तिथून दोन बोटं वर सरका आणि तिथे कापा. कात्री नको, ती खोड चिरडते. धारदार पातं घ्या, आणि ते स्पिरिटने पुसून किंवा ज्योतीवर धरून मगच वापरा. कापल्यावर त्या कापाकडे चांगल्या उजेडात नीट बघा. चांगला काप सगळीकडून सारखा फिकट हिरवा असतो आणि त्यातून स्वच्छ, चिकट रस येतो. मध्ये कुठे तपकिरी ठिपका किंवा कडेला तपकिरी कडं दिसलं तर बुरशी तिथपर्यंत पोचली आहे असं समजा. पातं पुन्हा पुसा आणि आणखी वर कापा, ठिपका दिसेनासा होईपर्यंत. एखादं पान गमवावं लागलं तर गमवा. सुरुवातीच्या काळात मी असाच जोंधळ्याच्या दाण्याएवढा तपकिरी ठिपका राहू दिला होता, कारण आणखी एक पेर कापायला जिवावर आलं. महिन्याभराच्या आत अख्खा तुकडा टाकावा लागला.

हे करताना हातमोजे घाला. व्हॅनिलाच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. काही जणांच्या कातडीला त्याने खाज सुटते, लाल चट्टे उठतात. डोळ्याला तर हात लावूच नका.

आता यातली सगळ्यात अवघड गोष्ट: कापलेला तुकडा लगेच लावायचा नाही. कापलेल्या भागाजवळची एक-दोन पानं देठापाशी काढून टाका आणि तुकडा सावलीत, हवेशीर जागी, आठवडाभर टांगून ठेवा. पाणी नाही, माती नाही. पानं थोडी मलूल होतील, कडा किंचित आत वळतील, आणि तुम्हाला वाटेल की आपण त्याला उपाशी मारतोय. तसं होत नाही. व्हॅनिलाच्या व्यावसायिक लागवडीतही कापलेले तुकडे आठवडाभर सावलीत सुकवूनच लावतात. या दिवसांत कापाचं तोंड कोरडं पडतं, त्यावर फिकट तपकिरी, कातड्यासारखी खपली धरते. ती खपली म्हणजे बंद झालेलं दार आहे. ओला काप ओल्या मातीत गेला की बुरशीला आत शिरायला वाट मोकळीच. तुमच्या बाबतीत बहुधा हेच झालं असणार.

व्हॅनिलाला हा उपास सोसतो, कारण तिचं खोड आणि पानं मांसल असतात, त्यांत पाण्याचा साठा असतो. शिवाय तिच्या पानांवरची सूक्ष्म छिद्रं बऱ्याच निवडुंगांप्रमाणे मुख्यतः रात्री उघडतात. दिवसाच्या उन्हात ती मिटलेली राहतात, त्यामुळे पाणी फार उडत नाही. मुळं नसलेला धडधाकट तुकडा कित्येक आठवडे तग धरतो. तहानेने मेलेला तुकडा मी क्वचितच पाहिलाय. कुजून मेलेले मात्र खूप पाहिलेत, आणि त्यातले बहुतेक माणसाने काळजीपोटी रोज पाणी घालून मारलेले होते.

ही वेल मुळात वाढते कशी हे एकदा डोळ्यांसमोर आणलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. व्हॅनिला ही ऑर्किड आहे. शेंगांसाठी लावली जाते ती मुख्यतः व्हॅनिला प्लॅनिफोलिया, मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या दमट जंगलांतली. तिथे ती जमिनीवरच्या कुजक्या पाल्यातून निघून झाडावर चढते, आणि दहा-पंधरा मीटर उंच जाते. तिच्या पेराशी एका बाजूला पान असतं आणि बरोबर समोरच्या बाजूने मूळ निघतं. यातली काही मुळं झाडाची साल पकडून बसतात, काही हवेत लोंबत खाली येतात आणि पालापाचोळ्यात शिरली की तिथे फाटे फोडून पसरतात. दोन्हींना ओल हवी असते, पण तितकीच हवाही लागते. मुळांवर एक पांढरट, स्पंजासारखं आवरण असतं. ते पाऊस पडला की झटकन पाणी शोषतं आणि मग वाऱ्यावर सुकतं. भिजणं आणि सुकणं, पुन्हा भिजणं आणि सुकणं, यावर तो सगळा संसार चालतो. बागेची माती कुंडीत घट्ट बसते, पाण्याने चिकट होते, हवा कोंडते. अशा मातीत चार बोटं खोल पुरलेलं खोड गुदमरणारच.

म्हणून लावताना कुंडीत माती घालूच नका. नारळाच्या सोडणाचे किंवा झाडाच्या सालीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे दोन भाग, पूर्ण कुजलेलं पानांचं खत एक भाग, आणि मूठभर लाकडी कोळशाचे खडे एवढं पुरे. सोडणाचे तुकडे आधी दोन-तीन वेळा पाणी बदलून भिजत घाला, त्यात क्षार असतात. मिश्रण मुठीत दाबून सोडलं तर ते मोकळं झालं पाहिजे, त्याचा गोळा व्हायला नको. नुसतं बारीक कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, वापरू नका, ते पाणी धरून ठेवतं आणि काही महिन्यांत बसून जातं. कुंडी मातीची, पसरट आणि बुडाला भरपूर भोकं असलेली घ्या. मोठी कुंडी घेऊ नका. तुमच्या तुकड्याला वीतभर रुंदीची पुष्कळ झाली.

आधार मात्र आत्ताच रोवा. नंतर रोवायला गेलात तर मुळं तुटतात. खडबडीत सालीचा लाकडी ओंडका किंवा नारळाच्या काथ्याने गुंडाळलेला खांब उत्तम. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या नळीवर मुळांना धरायला काही मिळत नाही. उंची तुमच्या खांद्याइतकी ठेवा, कारण पुढे फुलं येतील तेव्हा हात पोचायला हवा.

आता तुकडा. तो उभा खोचायचा नाही. खालची दोन पेरं, म्हणजे ज्यांची पानं काढली ती, मिश्रणावर आडवी टेकवा, आणि उरलेलं खोड हळूच वर वळवून खांबाला बांधा. पेरं पुरायची नाहीत. वर पानांच्या खताचा किंवा ओलसर शेवाळाचा अगदी पातळ थर भुरभुरला तर चालतो, पण कापलेलं टोक त्याच्याबाहेर, हवेत राहू द्या. बांधताना सुती पट्टी किंवा जुन्या बनियनची चिंधी घ्या. तार आणि नायलॉनची दोरी खोडात रुतते. मुळं पानाच्या समोरच्या बाजूने येतात, तेव्हा तीच बाजू खांबाकडे वळवा, पानं बाहेरच्या बाजूला. आणि तुकड्याची दिशा बदलू नका, वेलीवर जी बाजू वर होती तीच वर. गोंधळ झाला तर पानाच्या बगलेत बघा. तिथला लहानसा डोळा पानाच्या वरच्या अंगाला असतो.

मुळं फुटवणाऱ्या पावडरीबद्दल अनेक जण विचारतात. माझ्या मते तिची गरज नाही. या वेलीला प्रत्येक पेराशी मूळ फुटायची सोय मुळातच आहे, पुष्कळदा तुम्हाला मिळालेल्या तुकड्यावर सुकलेली हवाई मुळं असतातच. ती छाटू नका. त्यांच्यातून नवे फाटे निघू शकतात.

पहिल्या दिवशी मिश्रण एकदा ओलं करा आणि जादा पाणी निथळू द्या. त्यानंतर कुंडीत बोट घालून बघायचं. वरचे दोन-तीन सेंटीमीटर कोरडे लागले तरच पाणी, नाहीतर नाही. दमटपणा पाण्याने नव्हे, हवेतून द्यायचा. सकाळी खांबावर आणि पेरांवर हलका फवारा मारा, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळं सुकतं. रात्री फवारू नका, आणि शेंड्याच्या कोवळ्या पानाच्या खोबणीत पाणी साचू देऊ नका. शेंडा तिथून सडतो.

काही जण अख्खी कुंडी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायला सांगतात. हवा फार कोरडी असेल तर पिशवी उपयोगी आहे हे खरं, पण तिला वरून खालून भोकं हवीत आणि रोज थोडा वेळ ती उघडायला हवी. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब लोंबायला लागले की समजायचं, हवा कोंडली. मी पिशवीपेक्षा दुसरी गोष्ट करते: कुंडीखाली पसरट थाळीत खडे घालून पाणी भरते आणि कुंडी त्या खड्यांवर ठेवते, पाण्याला न टेकता. आसपास दोन-चार दुसरी झाडं असली तर ती एकमेकांची हवा दमट ठेवतात.

जागा अशी निवडा की पानांवर कवडसे पडतील, सरळ ऊन नाही. सकाळचं कोवळं ऊन तासभर चालतं. दुपारचं ऊन पानं भाजतं आणि ते डाग पुन्हा हिरवे होत नाहीत. उजेड पुरेसा आहे का हे बघायला दुपारी पानाच्या वर हात धरा. सावली पडली पण तिच्या कडा धूसर असतील तर जागा चांगली. सावली ठसठशीत, कातरल्यासारखी असेल तर ऊन जास्त, आणि सावलीच पडत नसेल तर अंधार आहे. अंधारात वेल वाढते, पण पेरं लांबट आणि खोड काडीसारखं बारीक होतं, आणि अशी वेल फुलावर यायची फार वाट बघायला लावते. तापमान 20 ते 30 अंश सेल्सिअसच्या दरम्यान तिला मानवतं. 15 च्या खाली वाढ थांबते, 10 च्या खाली नुकसान व्हायला लागतं. थंडीत मुळं फुटायचं कामही जवळजवळ बंद पडतं, म्हणून आत्ता तुमच्याकडे गारठा असेल तर धीर धरा आणि पाणी आणखी कमी करा.

साधारण चार ते आठ आठवड्यांत मुळाची चाहूल लागते. भिंगातून बघण्यासारखा प्रकार आहे हा. पानाच्या बरोबर समोर, पेरावर आधी एक बारीक फुगवटा येतो, टाचणीच्या डोक्याएवढा. मग साल फाटते आणि त्यातून चकचकीत, हिरवट पांढरं टोक बाहेर येतं. ते टोक अगदी नाजूक असतं, नखाचा धक्काही पुरतो, तेव्हा हात लावू नका. दोन-तीन सेंटीमीटर वाढल्यावर ते खांबाला भिडतं, आणि जी बाजू सालीला टेकलेली असते तिच्यावर पांढरी बारीक लव येते. बाकीचं मूळ गोल राहतं, पण टेकलेली बाजू चपटी होते आणि सालीच्या खाचांमध्ये अशी रुतते की नंतर सोडवायला गेलात तर मूळ तुटेल पण सुटणार नाही. इतकी वर्षं झाली तरी हे पाहताना मला दरवेळी आनंद होतो.

याच दिवसांत खालचं एखादं पान सुरकुतेल, पिवळं पडून गळेल. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तुकडा त्या पानातलं पाणी आणि सत्त्व ओढून घेऊन नवं मूळ घडवत असतो. घाबरायचं कधी? खोड मऊ, पाणीदार दिसायला लागलं, पेरापासून काळा डाग पसरायला लागला किंवा पान हिरवं असतानाच देठापासून निसटून पडलं तर. अशा वेळी पुन्हा तोच कार्यक्रम: बाहेर काढा, स्वच्छ भागापर्यंत कापा, सुकवा. आणि मूळ आलं का म्हणून तुकडा हलवून, उचलून बघायची सवय लागली असेल तर ती मोडा.

आधी मूळ आणि मग कोंब, असा साधारण क्रम असतो. कोंब पानाच्या बगलेतल्या डोळ्यातून फुटतो. कधी उलटंही होतं, मूळ नसताना कोंब निघतो. तो तुकड्याच्या साठ्यावर जगत असतो, त्यामुळे त्याला पाहून खत घालायला धावू नका. मुळं खांब धरेपर्यंत खत शून्य. त्यानंतर वाढीच्या दिवसांत पंधरा दिवसांतून एकदा कुठलंही समतोल द्रव खत, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणाच्या चौथ्या हिश्श्याने पातळ करून, मुळांवर आणि पानांवर फवारा. वर्षातून एकदा कुंडीवर नवा पालापाचोळा पसरा. तिच्या खाण्यापिण्याचं एवढंच.

आता शेंगांचं. इथे मला तुम्हाला खोटी आशा लावायची नाही. तुकडा जितका लांब, तितकं फूल लवकर. लागवड करणारे म्हणूनच मीटरभर लांबीचे तुकडे लावतात, त्यांना साधारण तिसऱ्या वर्षी फुलं येऊ लागतात. तुमचा तुकडा आता कापून तीन-चार पेरांचा उरेल. सगळं नीट जमलं तरी चार-पाच वर्षांचा हिशोब धरा, आणि घराच्या आत वाढवणार असाल तर त्याहून जास्त. बियांपासून लावायचा विचार असेल तर सोडून द्या. शेंगेतल्या त्या काळ्या ठिपक्यांएवढ्या बियांत कोंबाला पोसायला जवळजवळ काहीच साठा नसतो. निसर्गात त्यांना रुजायला बुरशीची सोबत लागते, माणसाला प्रयोगशाळेतली बाटली. म्हणून व्हॅनिला तुकड्यांवरच पसरली. मेक्सिकोबाहेरची बहुतेक लागवड मोजक्याच वेलींच्या तुकड्यांमधून वाढलेली आहे. तुमच्या कुंडीतला तुकडाही बहुधा त्याच घराण्यातला. याची एक वाईट बाजूही आहे: एका वेलीला जी बुरशी मारते ती सगळ्यांनाच मारते. फ्युझेरियम नावाची ती बुरशी, जिने मुळं आणि खोड सडतं, जगभरातल्या व्हॅनिला लागवडीची डोकेदुखी आहे. ती एकदा वेलीत शिरली की औषधाने बरी होत नाही. कापून वेगळं करणं आणि कोरडं, हवेशीर ठेवणं एवढंच आपल्या हातात असतं. विषाणूही तुकड्यांबरोबर आणि न पुसलेल्या पात्याबरोबर पसरतात. नव्या पानांवर फिकट चट्टे आणि वेडेवाकडेपणा दिसला तर त्या वेलीचा तुकडा कुणाला देऊ नका.

वेल खांबाच्या टोकाशी पोचली की तिला आणखी वर जाऊ देऊ नका. शेंडा अलगद खाली वळवा आणि लोंबता सोडा. तो जमिनीपाशी आला की पुन्हा खांबावर चढवा. हा वळसा फार महत्त्वाचा आहे, कारण फुलोरा बहुधा वळून खाली लोंबणाऱ्या भागावर येतो. फुलांच्या हंगामाआधी सहा-आठ महिने लोंबत्या फांदीचं टोक खुडतात, म्हणजे वाढीचा जोर डोळ्यांकडे वळतो. पुढे दोन-तीन महिने पाणी कमी आणि रात्री थोडा गारवा मिळाला तर वेलीला फुलायचा इशारा मिळतो. वर्षभर लाडाने एकसारखं पाणी घातलेली वेल नुसती पानंच देत राहते.

फुलाबद्दल सावकाश सांगते, कारण इथेच बहुतेकांची चार वर्षांची मेहनत एका सकाळी हातची जाते. पानाच्या बगलेतून घोस निघतो, त्यात पंधरा-वीस कळ्या असतात. रोज एखादंच फूल उमलतं, पहाटे, आणि दुपारपर्यंत मिटायला लागतं. दुसऱ्या दिवशी ते कामाचं नसतं. फूल फिकट हिरवट पिवळं, मधली पाकळी गुंडाळून नळी झालेली. त्या नळीत वरच्या टोकाला परागांचा पिंड असतो, त्याच्या खालीच स्त्रीकेसराचा चिकट भाग, आणि दोघांच्या मधे एक पातळ पडदा. त्या पडद्यामुळे पराग आपसूक खाली पोचत नाही. मूळ जंगलातसुद्धा फार थोड्या फुलांची शेंग होते, आणि बाहेर नेलेल्या वेलींना तर तिथले कीटकही मिळाले नाहीत. युरोपातल्या काचघरांत आणि हिंदी महासागरातल्या बेटांवर वेली वाढल्या, फुलल्या, पण वर्षानुवर्षं शेंगा धरल्या नाहीत. 1836 मध्ये बेल्जियममध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स मॉरेन यांनी हाताने परागीभवन करून शेंगा मिळवल्या. पण शेतात चालेल अशी सोपी रीत शोधली ती 1841 मध्ये रियुनियन बेटावर, एडमंड अल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने. एक काडी आणि अंगठा. आजही जगभर हाताने परागीभवन करतात ते मूळ त्याच्याच रीतीने. वेलीसमोर उभी राहून काडी हातात घेते तेव्हा दरवेळी मला त्या मुलाची आठवण येते.

कृती अशी. सकाळी, शक्यतो अकराच्या आत, फूल मागून डाव्या हाताच्या बोटांत हलकेच धरा. टूथपिकसारखी बोथट काडी घेऊन नळीची पाकळी एका बाजूने उभी चिरा आणि खाली दाबा, म्हणजे आतला दांडा उघडा पडेल. काडीचं टोक त्या पडद्याखाली घालून तो वर उचला. पडदा वर गेल्यावर परागांचा पिवळा पिंड पुढे झुकतो. डाव्या अंगठ्याने तो खाली दाबून चिकट भागावर टेकवा आणि काडी हळूच बाहेर ओढून घ्या. पहिली दोन-चार फुलं फुकट जातील, हात बसला की अर्ध्या मिनिटाचं काम. जमलं की नाही ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं: न जमलेलं फूल देठापासून गळून पडतं, जमलेलं सुकतं पण चिकटून राहतं आणि त्याच्यामागचा हिरवा देठ लांबायला लागतो. पहिल्या वर्षी पाच-सहा शेंगांवर थांबा. सगळी फुलं फळवली तर वेल इतकी दमते की पुढची दोन वर्षं ती उभी राहत नाही.

शेंग दीड-दोन महिन्यांत पूर्ण लांबीची होते, पण पिकायला आठ-नऊ महिने लागतात. टोकाला पिवळसर झाक आली की तोडा. उशीर केलात तर ती वेलीवरच उकलते. तोडलेल्या हिरव्या शेंगेला व्हॅनिलाचा वास नसतो हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर निराश व्हाल. वास घडवावा लागतो. 63 ते 65 अंशांच्या गरम पाण्यात शेंग तीनेक मिनिटं बुडवायची, लगेच लोकरी कापडात गुंडाळून बंद डब्यात उबेत ठेवायची. एक-दोन दिवसांत ती चॉकलेटी होते. मग दोन-तीन आठवडे रोज काही तास उन्हात आणि उरलेला वेळ गुंडाळून, त्यानंतर सावलीत सावकाश सुकवणं. शेंगेतल्या साखरेशी बांधलेलं व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाला वास देणारं द्रव्य, या उबेत हळूहळू सुटं होतं. शेंग बोटाभोवती गुंडाळली तरी मोडत नाही इतपत सुकली की घट्ट झाकणाच्या बरणीत दोन-तीन महिने मुरू द्या, आणि आठवड्यातून एकदा झाकण उघडून बुरशी नाही ना ते बघा.

कीड म्हणाल तर पिठ्या ढेकूण आणि खवले कीड पानांच्या बगलेत दडतात. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून काढा. बाहेर ठेवत असाल तर रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी बघा, कोवळा शेंडा त्या एका रात्रीत खातात.

एक राहिलं. आज कापताना तपकिरी ठिपका वर-वर जात राहिला आणि शेवटी एकच पेर हातात उरलं, तरी ते टाकू नका. पान आणि त्याच्या बगलेतला डोळा शाबूत असेल तर तेवढ्यावरही वेल उभी राहते. दोन्ही बाजूंचे काप नीट सुकू द्या, ओलं करून घट्ट पिळलेलं स्फॅग्नम शेवाळ पसरट डब्यात पसरा, त्यावर ते पेर आडवं ठेवा, डोळा वर येईल असं, पुरायचं अजिबात नाही. डब्याचं झाकण तिरपं ठेवा. माझ्याकडची सगळ्यात जुनी वेल अशाच एका पेराची आहे. तिला पहिलं मूळ यायला जवळपास तीन महिने लागले होते.